खंड पडल्यावर पुन्हा आसन

“ध्यान सुरू केले होते, परंतु घरात आजारपण आले आणि नेम मोडला,” असे अनेक गृहस्थ खंतावून सांगतात. एकदा मोडलेला नेम मग वर्षानुवर्षे मोडलेलाच राहतो. ही हानी टाळता येण्याजोगी आहे.

सहाव्या अध्यायात भगवंतांनी एकांत, शुद्ध भूमी आणि फार उंच नाही व फार सखलही नाही असे स्थिर आसन सांगितले. दिल्लीच्या टेकडीवरील हिंदूराव रुग्णालयात आप्ताच्या उशाशी रात्र काढणाऱ्यास यांपैकी काय लाभणार? कागलकर घाटग्यांपैकी हिंदूराव, म्हणजे बायजाबाई शिंद्यांचे बंधू, यांच्या कोठीवरून या स्थानास हे नाव पडले. तेथे एकांत नाही, दर्भासन नाही. मन तर क्षणोक्षणी रुग्णाच्या श्वासाकडे धावते.

अशा वेळी त्याच अध्यायाचा २६वा श्लोक आधार देतो. चंचल मन ज्या ज्या निमित्ताने बाहेर जाईल, त्या त्या ठिकाणाहून त्यास आवरून आत्म्याच्या ठायी आणावे, असा त्याचा भाव आहे. मन जाणारच, हे येथे गृहीत धरले आहे. ते परत आणणे हाच अभ्यास होय. रुग्णास पाणी पाजावे, औषध द्यावे. हात रिकामा होताच दोन श्वास नामाकडे वळावे. सेवा सोडून ध्यान नको.

मात्र ही सवय संकटाच्या रात्री एकाएकी लागत नाही; ती घरी लावावी लागते. महात्मा गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की, सकाळी दात घासण्याची १५ व स्नानाची २० मिनिटे त्यांनी गीतापाठास दिली आणि १३ अध्याय मुखोद्गत केले. हे पाठांतर होते, ध्यान नव्हे. पण गृहस्थास वेळ कोठे सापडतो, ते यावरून कळते. पहाटे दहा मिनिटे एकाच जागी बसावे. भोजनापूर्वी, दिवेलागणीस व निजताना क्षणभर थांबून मन स्वस्थानी आणावे. आहार व निद्रा यांत अतिरेक नसावा, हे १६व्या व १७व्या श्लोकांतील पथ्य पाळावे.

आणि खंड पडलाच तर? अर्जुनानेही हेच विचारले होते: मध्येच ढळलेला साधक विरलेल्या ढगासारखा नष्ट तर होत नाही ना? ४०व्या श्लोकात भगवंत अभय देतात की, कल्याणमार्गावरील कोणाचीही दुर्गती होत नाही.

रुग्णालयाजवळच अशोकाचा एक स्तंभ आहे. अठराव्या शतकात दारूच्या स्फोटाने त्याचे पाच तुकडे झाले; १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभा केला. आपला नेमही असाच जोडावा. काल राहिलेल्या ध्यानाचा शोक करीत न बसता आज आसनावर बसावे.