नरसू अर्ध्यावर सोडू नका

'हा खेळ सावल्यांचा' घरी लावायचा असेल तर घड्याळ बघून लावा. पावसाळ्यात तर नक्कीच, कारण आमच्या खर्डीत लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि हा सिनेमा अर्धाच पाहणं न पाहण्यापेक्षा वाईट.

वसंत जोगळेकरांचा 1976चा सिनेमा. आशा काळे, काशिनाथ घाणेकर. हल्लीसारखा रक्ताचा सडा नाही. वर 'गोमू संगतीनं' यातलंच, म्हणजे पोरांनी गॅदरिंगला नाचलेलं गाणं! त्या ओळखीवर आमच्याकडे आत्यापासून शेजारच्या पोरापर्यंत सगळे टीव्हीपुढे बसले. हेमंतकुमार आणि आशा भोसलेंच्या त्या गाण्यावरून सिनेमाचा अंदाज बांधू नका.

नरसूच्या भुताची दहशत चढत होती, तेवढ्यात कल्याणकडच्या लोकलची वेळ झाली म्हणून पाहुणे उठले. पाठोपाठ लाइट गेली ती सकाळपर्यंत.

या सिनेमात भीती आधी येते आणि तिचं कारण शेवटाकडे. काय ते सांगत नाही. एवढंच, की ते भगताच्या अंगणात सापडत नाही, माणसाच्या मनात सापडतं. अर्ध्यावर उठणाऱ्याच्या पदरात मात्र नुसता नरसू पडतो. आमच्या भागात मुंजा, हडळ, चकवा यांना तोटा नाही, त्यात ही भर. शेजारचा पोरगा त्या रात्री परसात एकटा जाईना. शेवटी मी त्याला सगळा उलगडा सांगून टाकला. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग काका, सिनेमातली ती बाई एवढी का घाबरत होती?" डोळ्याकानांनी आत गेलेली भीती तोंडी खुलाशानं निघत नाही.

म्हणून जेवणं उरकून, दिवेलागणीलाच सुरू करा. इन्व्हर्टर नसेल तर सिनेमा मोबाइलवर उतरवून ठेवा आणि तो पूर्ण चार्ज करा. स्वयंपाकघरातला एक दिवा राहू द्या, बाकीचे घालवा. आवाज बेताचा ठेवा. भीती शांततेत असते, ती पावसानं बुडू नये एवढाच. गाणी पुढे ढकलू नका. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आहे, आणि दम घ्यायला तेवढीच जागा मिळते. "आता बघ काय होतं" म्हणणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याला चहाला लावा.

लहानांना शक्यतो नकोच. बसवलंत, तर झोप आली म्हणून मध्येच आत पाठवू नका. शेवट होईपर्यंत मांडीवर घेऊन बसा. 'महल' (1949), 'बीस साल बाद' (1962), 'वो कौन थी?' (1964) यांनाही हेच लागू. तिथंही गाठ शेवटीच सुटते. 'बीस साल बाद'ची निर्मिती आणि संगीत पुन्हा हेमंतकुमारांचंच, हे आत्याला अजून सांगायचंय.

लोकल गाठायला उठलेले पाहुणे फोनवर शेवट विचारतात. सांगत नाही. म्हटलं, परत या, आणि या खेपेला मुक्कामाला या.