काविळीची बदलती प्रतिकारशक्ती : एक आरोग्यपाठ

वसतिगृहाच्या भोजनगृहात वाडीवस्तीवरचे मूल आणि शहरातले मूल एकाच पंगतीला बसते. दोघांचे अन्न एक, पाणी एक. तरीही त्या पाण्यात काविळीचा विषाणू शिरला, तर दोघांवर सारखाच परिणाम होईल असे नाही. हा भेद का पडतो, हे समजून घेणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

‘हिपॅटायटिस ए’ या काविळीचा विषाणू रोग्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाणी, अन्न व अस्वच्छ हात यांच्याद्वारे दुसऱ्याच्या पोटात जातो. साधारणतः चार आठवड्यांनी लक्षणे दिसू लागतात. एकदा संसर्ग होऊन गेला, की रक्तातील प्रतिपिंडे जन्मभर संरक्षण देतात. सहा वर्षांखालील बहुतेक मुलांत हा संसर्ग ठळक लक्षणांवाचून येऊन जातो. मोठ्या मुलांना व प्रौढांना मात्र बहुधा कावीळ होते. क्वचित यकृत निकामी होऊन मृत्यूही ओढवतो.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत बहुतेकांना हा संसर्ग नकळत, बालपणीच होऊन जाई. पुढे नळाचे शुद्ध पाणी व शौचालये आली, तशी ही गाठ लांबणीवर पडली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९८२ ते १९९८ या काळातील रक्तनमुने तपासले, तेव्हा सुस्थितीतील शहरी वर्गात प्रतिपिंडे असणाऱ्यांचे प्रमाण घटत असल्याचे आढळले. गरीब वर्गात मात्र बालवयातील संसर्ग पूर्वीसारखाच सर्रास होता. अशी प्रतिकारशक्ती नसलेली पिढी मोठी झाल्यावर काय घडते, हे चीनमधील शांघायने १९८८ साली अनुभवले. दूषित, अर्धकच्चे शिंपले खाल्ल्यामुळे तेथे सुमारे ३ लाख लोक आजारी पडले. त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता.

मग जुने दिवसच बरे होते काय? मुळीच नाही. ज्या पाण्याने ही प्रतिकारशक्ती दिली, त्याच पाण्याने पटकी, विषमज्वर आणि अतिसार घरोघर पोहोचवले व असंख्य तान्ही मुले हिरावून नेली. ती प्रतिकारशक्ती दारिद्र्याची देणगी नव्हती. तिची किंमत त्या बालकांनी मोजली होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सार्वजनिक पाण्यावरील समान हक्क बजावला. ते पाणी प्रत्येकाला शुद्ध मिळणे, हा त्याच हक्काचा पुढचा टप्पा होय, असे आम्ही मानतो.

स्वच्छतेमुळे जी उणीव निर्माण झाली, ती लसीने भरून काढता येते. इस्रायलने १९९९ साली आणि अर्जेंटिनाने २००५ साली सर्व बालकांना ही लस देण्यास आरंभ केला. लस न घेतलेल्या मोठ्यांमध्येही तेथे रोग झपाट्याने घटला. कारण लहान मुलांतून होणारा प्रसारच थांबला. लक्षणे नसलेले मूल इतरांना रोग देऊ शकते, हे यावरून उमगते.

म्हणून पालकांनी मुलांच्या लसीकरणाविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रोग्याशी संपर्क आल्यावरही दोन आठवड्यांच्या आत घेतलेली लस उपयोगी पडते. पाणी खळखळून उकळावे. शौचानंतर, जेवणापूर्वी व स्वयंपाकाला लागण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. डोळे पिवळे दिसण्याच्या आधीच एक-दोन आठवडे रोगी विषाणू पसरवीत असतो. त्यामुळे रोगी दिसेपर्यंत थांबून चालत नाही.

तथागतांनी आजारी, एकाकी पडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतः स्नान घातले, असे विनयपिटकात सांगितले आहे. रुग्णाची सेवा हा आपला धम्म आहेच. परंतु दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, ही शिकवणही त्यांचीच. पंगतीला बसण्यापूर्वी धुतलेले दोन हात हे त्या शिकवणीचे रोजचे आचरण आहे.