फोनचे दर्शनी कवच आणि मराठी भाषा

वाशीम जिल्ह्यातील आसेगावासारख्या गावात सोयाबीन किंवा तुरीच्या पेऱ्याची नोंद आता शेताच्या बांधावरूनच करता येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ उपक्रमाने हे काम शेतकऱ्याच्या हातातील फोनवर आणले. अंगणवाडी, शाळा व ग्रामपंचायत यांचेही पुष्कळसे कामकाज याच लहानशा पडद्यावरून चालते. तेव्हा त्या पडद्यावर कोणते शब्द असावेत आणि मराठी अक्षरे कशी उमटावीत, हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. या दृष्टीने लिनक्स फोनसाठी चाललेल्या मुक्तस्रोत प्रयत्नांची ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल.

कवच म्हणजे काय?

फोनमधील यंत्रभाग आणि आज्ञावली यांचा मेळ घालणारा एक गाभा असतो. लिनक्स हा असाच एक गाभा. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. मात्र वापरणाऱ्याला हा गाभा दिसत नाही. त्याला दिसतो तो कुलूपबंद पडदा, चित्रांच्या ओळी, वरून खाली ओढावयाची सूचनांची पट्टी आणि अक्षरांचा कळफलक. या दर्शनी भागाला ‘ग्राफिकल शेल’ म्हणतात. मराठीत त्यास ‘दर्शनी कवच’ म्हणता येईल.

अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सचाच गाभा आहे. परंतु त्याचे दर्शनी रूप प्रामुख्याने कंपन्या ठरवितात. मुक्तस्रोत कवचाची मूळ आज्ञावली कोणासही वाचता येते, बदलता येते व परवान्यातील अटी पाळून इतरांस देता येते. फरक आहे तो येथे.

आजवरचे प्रयत्न

कॅनॉनिकल या कंपनीने २०१३ मध्ये ‘उबुंटू टच’ ही प्रणाली जाहीर केली आणि २०१७ मध्ये तिचे काम थांबविले. एरवी विषय तेथेच संपला असता. परंतु आज्ञावली खुली असल्यामुळे ‘यूबीपोर्ट्स’ या स्वयंसेवकांच्या समूहाने ते काम पुढे नेले. त्यातील कवच आज ‘लोमिरी’ या नावाने ओळखले जाते. केडीई समूहाने २०१५ मध्ये ‘प्लाझ्मा मोबाइल’ पुढे आणले. प्युरिझम कंपनीने आपल्या ‘लिब्रेम ५’ या फोनसाठी ‘फॉश’ हे कवच तयार करविले. आता ते इतर फोनवरही चालते.

फॉशची रचना पाहिली असता कामाची विभागणी लक्षात येते. खिडक्यांची मांडणी करून पडदा रचणारा एक भाग, सूचना व कुलूप सांभाळणारा दुसरा आणि कळफलक दाखविणारा तिसरा. प्रत्येक भाग स्वतंत्र असल्याने एकावर काम करताना दुसऱ्यास धक्का लागत नाही. हे कवच साध्या संगणकावरील एका खिडकीतही चालवून पाहता येते. त्यामुळे महाविद्यालयातील विद्यार्थ्याला अभ्यासासाठी महागडा फोन घेण्याची गरज पडत नाही.

मराठीची कसोटी

‘आचार्यास दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यास दक्षिणा दिली’ ही दोन वाक्ये पाहावीत. पहिल्यात दक्षिणा गुरूला मिळते, दुसऱ्यात स्वयंपाक्याला. पहिला ‘र’ रफार होऊन अक्षराच्या डोक्यावर बसतो, दुसरा पापणीसारखा आडवा राहतो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकाच्या आजच्या रूपात या ‘ऱ’ला स्वतंत्र कळ आहे. फोनच्या कळफलकात ती राहून गेली, तर मराठी लिहिणाऱ्याची अडचण होते आणि अशी उणीव इतर भाषकांच्या लक्षातही येत नाही.

अक्षरवळणाचेही तसेच आहे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील ‘ल’ आणि ‘श’ यांची रूपे निश्चित केली. मुक्त परवान्याचे देवनागरी टंक उपलब्ध करण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. रेड हॅटने प्रसृत केलेले ‘लोहित’ टंक मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे, तर ‘मुक्ता’ व ‘बलू’ हे मुंबईच्या एक टाइप संस्थेचे. तथापि टंक चांगला असूनही इंग्रजीच्या मापाने आखलेल्या बटनात वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. ही दुरुस्ती टंकात नव्हे, कवचात करावी लागते.

भाषांतराच्या धारिकेत मूळ इंग्रजी वाक्य वर आणि त्याचे मराठी रूप खाली लिहावयाचे असते. काम सोपे वाटते, पण विचार मागते. ‘ओपन’ या एकाच इंग्रजी शब्दासाठी आज्ञा असेल तर ‘उघडा’ आणि स्थिती सांगावयाची असेल तर ‘उघडे आहे’ असे लिहावे लागते. ‘होम’ला ‘घर’ म्हटल्यास अर्थ हरवतो, ‘मुख्य पडदा’ म्हटल्यास तो कळतो. संदेश ‘पाठविला’, चिठ्ठी ‘पाठविली’ आणि छायाचित्र ‘पाठविले’, हा लिंगभेद कवच लिहिणाऱ्याला कोणी तरी समजावून द्यावा लागतो.

मर्यादा

या फोनच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. शासकीय व बँकांची अनेक उपयोजने अँड्रॉइडसाठी केलेली असून ती लिनक्स फोनवर थेट चालत नाहीत. ‘वेड्रॉइड’सारख्या साधनाने काही चालविता येतात, सर्व नव्हेत. कॅमेरा व बॅटरी यांची कामगिरीही फोनगणिक बदलते. म्हणून कार्यालयातील फोन आजच बदलावेत, असे कोणी सुचविणार नाही. मात्र कंपनीने सुधारणा देणे बंद केलेले जुने फोन पुढेही वापरात राहावेत, यासाठी २०१७ पासून चाललेला ‘पोस्टमार्केटओएस’ प्रकल्प लक्ष ठेवण्याजोगा आहे.

शिक्षक व पंचायत सदस्यांचा वाटा

या कामी प्रत्येकाला आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे असे नाही. माध्यमिक शाळेतील मराठीच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून पडद्यावरील न समजणाऱ्या शब्दांची यादी करून घ्यावी व पर्याय सुचवावेत. पंचायत सदस्यांनी वयस्कर ग्रामस्थांना कोणती सूचना अडते ते टिपावे. दोष कळविताना फोन कोणता, आवृत्ती कोणती, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय दिसले, या चार गोष्टी लिहाव्यात. एवढ्या माहितीवर दूर देशी बसलेला विकासक दुरुस्ती करू शकतो आणि ती दुरुस्ती सर्वांच्या उपयोगी पडते.

यंत्र बाहेरून आले तरी त्यावरील मराठी बाहेरून येणार नाही. ती मराठी माणसांनीच लिहावी लागेल. मुक्तस्रोत कवचात ती लिहिण्यास कोणाच्या परवानगीसाठी अडून राहावे लागत नाही, आणि एकदा लिहिलेली ओळ आसेगावच्या शेतकऱ्यालाही तितकीच खुली राहते.