गोड मक्याची पेरणी व हातयंत्राची परीक्षा

तिफणीने पेरताना पेरणाऱ्याची मूठ चाड्यावर असते. बी अडले तर बोटांना तत्क्षणी कळते. हाताने ढकलण्याच्या पेरणीयंत्रात तशी सोय नाही. नळी तुंबली तरी यंत्र पुढे सरकतच राहते आणि चूक उघडकीस येते ती आठवड्याने, ओळीत मोकळ्या जागा दिसू लागल्यावर. तोवर वाफसा निघून गेलेला असतो. संकरित बियाणे विकतचे, तेही वाया जाते. यास्तव शाळेच्या बागेत गोड मका लावण्यापूर्वी यंत्राची परीक्षा अवश्य घ्यावी.

ही परीक्षा गणिताच्या तासाला घेणे सोयीचे. विद्यार्थ्यांकडून दोरीने चाकाचा परीघ मोजवून घ्यावा. समजा, तो 100 सें. मी. भरला, तबकडीस 5 खाचा आहेत आणि चाकाच्या एका फेऱ्यात तबकडीही एकदाच फिरते. तर दाणा दर 20 सें. मी. वर पडेल व दहा फेऱ्यांत 50 दाणे मिळावयास हवेत. यंत्र विटांवर टेकवून खाली कापड पसरावे, चाक सावकाश दहा वेळा फिरवावे व दाणे मोजावेत. बियाण्यास बहुधा रंगीत बुरशीनाशक चोळलेले असते व ते विषारी असते. म्हणून बियाणे शिक्षकांनीच हातमोजे घालून हाताळावे. मुलांनी चाक फिरवावे व हिशेब मांडावा.

दाणे कमी भरले तर दोष तबकडीचा. गोड मक्याच्या दाण्यात पिष्ट कमी असल्याने तो वाळल्यावर सुरकुततो व वेडावाकडा होतो. साध्या मक्याच्या खाचेत तो कधी अडकतो, तर कधी दोन दाणे एकदम शिरतात. चाळणीने लहानमोठे दाणे निराळे करून मापाची तबकडी बसवावी. फुटके दाणे पडू लागल्यास खाच अपुरी आहे असे समजावे.

कापडावर हिशेब जुळतो, परंतु वाफ्यात जुळत नाही, अशा वेळी दोष बियाण्यात शोधणे व्यर्थ होय. ढेकळांत किंवा भुसभुशीत मातीत चाक फिरण्याऐवजी घसटत जाते आणि तबकडी थांबते. ओल्या काळ्या मातीत फाळाचे तोंड चिखलाने बुजते. यंत्र मागे ओढल्याने तर हटकून बुजते. ओळ संपताच यंत्र उचलूनच वळवावे. माती ओढणारी साखळी वर बांधून दोन-तीन मीटर यंत्र चालवावे, म्हणजे उघड्या सरीत दाणे डोळ्यांनी दिसतात. खोली 3 ते 4 सें. मी. पुरे, दुबळ्या कोंबाला त्याहून खोलातून वर येणे जड जाते.

नांगे भरावयाचे तर उगवण दिसताच भरावेत. उशिरा लावलेली रोपे सावलीत खुरटतात. मक्याचे पराग वारा वाहून नेतो आणि कणसाच्या ज्या धाग्यावर पराग पडत नाही, तेथे दाणा भरत नाही. त्यामुळे बियाणे थोडे असल्यास एका लांब ओळीऐवजी चार आखूड ओळी शेजारी शेजारी पेराव्यात.