अणुयुद्धाचा खेळ व गुणांचा हिशेब

सुटीच्या दिवसांत आमचे विद्यार्थी संगणकावर युद्धाचे नाना खेळ खेळतात. त्यांपैकीं एकाचा येथें विचार करूं. कारण त्यांत गणित आणि नीति या दोहोंचा पाठ आहे. त्याचें नांव ‘डेफकॉन’. इंट्रोव्हर्शन सॉफ्टवेअर या ब्रिटिश मंडळीनें तो २००६ सालीं प्रसिद्ध केला. अमेरिकन सैन्याच्या सज्जतेच्या पांच पायऱ्यांस हें नांव आहे. पांचवी पायरी शांततेची, पहिली महायुद्धाची.

खेळाची रीत अशी. फार तर सहा जण एकत्र खेळतात. प्रत्येकाच्या वांट्यास पृथ्वीचा एक मोठा भाग व सामान्यतः १० कोटि लोकवस्ती येते. आरंभीं तो रडार, विमानतळ, आरमार व क्षेपणास्त्रांचीं ठाणीं मांडतो. काळ सरतो तसतशी पायरी पांचावरून एकावर उतरते. ती कोणासही थांबवितां येत नाहीं. पहिल्या पायरीवर अण्वस्त्रें सोडण्याची मोकळीक मिळते. परंतु येथें एक पेंच आहे. जें ठाणें अस्त्र सोडतें, तेंच एरवीं शत्रूचीं अस्त्रें आकाशांत पाडतें. दोन्ही कामें एका वेळीं होत नाहींत. शिवाय अस्त्र सुटतांच ठाण्याची जागा सर्वांस दिसते. म्हणून प्रथम मारणारा स्वतःच उघडा पडतो. सुटलेलें अस्त्र तर माघारीं बोलावतां येत नाहीं.

आतां गुण पाहा. शत्रूचे १० लक्ष लोक मारिल्यास २ गुण मिळतात. आपले १० लक्ष गेल्यास १ गुण जातो. समजा, एकानें ६ कोटि मारिले व आपले ५ कोटि गमाविले. १२० वजा ५०, म्हणजे ७० गुण. तो जिंकला; पण त्याच्या प्रजेंतील निम्मी माणसें उरलीं नाहींत!

याच खेळांत दुसरी पद्धतहि निवडतां येते. तींत आपले जे लोक वांचले, त्यांचेच गुण. तोच नकाशा, तींच अस्त्रें. परंतु माप बदलतांच शहाणपणाची चाल बदलते.

पडद्यावर शहर हा एक ठिपका व मृत हा एक आकडा असतो. मुळशीकरांस नकाशाचा अर्थ निराळा सांगावयास नको. १९२१ सालीं ज्या धरणाविरुद्ध येथें सत्याग्रह झाला व सेनापति बापट ज्यांत पुढें होते, त्याच्या नकाशांत जें केवळ पाणी होतें, त्याखालीं लोकांचीं घरें व भातखाचरें होतीं. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजीं एक अणुबाँब पडला. त्या वर्षाअखेर सुमारें १ लक्ष ४० हजार माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. खेळाच्या हिशेबानें इतक्या जिवांचा एक तृतीयांश गुणहि होत नाहीं.

राष्ट्रांनाहि आपलें माप निवडावें लागतें. हिंदुस्थानानें १९७४ व १९९८ सालीं पोखरण येथें अणुचाचण्या केल्या. त्यांत मुंबईच्या ट्रॉम्बे येथील शास्त्रज्ञांचा मोठा वांटा होता. पुढें ४ जानेवारी २००३ रोजीं सरकारनें अण्वस्त्राचा प्रथम वापर न करण्याचें धोरण जाहीर केलें.

विद्यार्थ्यांनीं हा खेळ खेळल्यास दोन्ही पद्धतींनीं गुण मांडावे, व दोन्ही वेळां कोण जिंकला तें घरीं वडील मंडळींस दाखवावें. मग कोणतें माप खरें, याचा विचार सर्वांनीं मिळून करावा.