चुंबक गंजू नये म्हणून: मटेरियल्स इंजिनिअरिंगची वाट

ओटावातल्या मराठी घरांत मूल अकरावीत गेलं की चर्चा ठरलेली: कॉम्प्युटर सायन्स की मेडिसिन? रसायन आणि भौतिक, दोन्हींत रमणाऱ्या मुलाला मटेरियल्स इंजिनिअरिंग क्वचितच कुणी सुचवतं. ते आवर्जून सुचवायला हवं.

इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमधला निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबक घ्या. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्सचे जॉन क्रोट यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. ताकद अफाट, पण दुखणं गंजाचं. त्याच्या सूक्ष्म कणांच्या दरम्यान निओडिमियमचं प्रमाण जास्त असलेला पातळ थर असतो. चुंबकावरचा निकेलचा मुलामा कुठे उडाला की ओल शिरते आणि आधी हाच थर खाते. त्यातून सुटलेला हायड्रोजन आत मुरतो, थर फुगतो, कण सुटे होतात आणि चुंबकाची भुकटी होऊ लागते.

थोडं कोबाल्ट आणि तांबं मिसळलं, तर त्या थरात कमी गंजणारी संयुगं बनतात. पण कोबाल्ट जास्त झालं की चुंबकत्व टिकवून धरण्याची क्षमता घटते. डिस्प्रोसियम हा धातू ती वाढवतो, मात्र ताकद कमी करतो आणि खर्च वाढवतो. कशासाठी काय किती सोडायचं, हा हिशेब ज्याला आवडतो, त्याचं हे क्षेत्र.

बारावीला केमिस्ट्री, फिजिक्स, अ‍ॅडव्हान्स्ड फंक्शन्स आणि कॅल्क्युलस घ्या. घरी राहून शिकायचं तर ओटावा विद्यापीठात केमिकल किंवा कार्लटनमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग आहे. थेट मटेरियल्सची पदवी हॅमिल्टनच्या मॅकमास्टरमध्ये आणि टोरंटोत मिळते. को-ऑप, म्हणजे शिकतानाच प्रत्यक्ष काम करण्याची सोय, असलेला कोर्स निवडा. प्रयोगशाळेत हात चालवल्याशिवाय हा विषय अंगी मुरत नाही.

"पण नोकरीचं काय?" पालकांची काळजी रास्त आहे. कॅनडाने डिसेंबर 2022मध्ये जाहीर केलेल्या महत्त्वाच्या खनिजांच्या धोरणात निओडिमियमसारखे दुर्मिळ मृदा धातू आणि कोबाल्ट, दोन्हींना अग्रक्रम आहे. सस्काटूनमध्ये सस्कॅचेवान रिसर्च कौन्सिल दुर्मिळ मृदा धातूंवर प्रक्रियेचा प्रकल्प उभारते आहे. आणि चुंबकांचा बाजार मंदावला, तरी गंजाचं ज्ञान पाइपलाइन, विमानं, चॉक रिव्हरची अणुसंशोधन प्रयोगशाळा, सगळीकडे लागतं.

म्हणून मुलावर निर्णय लादण्याआधी त्याला विद्यापीठाच्या ओपन हाउसला न्या, तिथल्या प्राध्यापकांशी त्यालाच बोलू द्या, आणि त्याने काय विचारलं याकडे नीट लक्ष द्या.