जाड लवदार तुकड्यांपासून उबदार बंडी

मुंबईच्या उपनगरांत थंडी ती कितीशी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी किमान तापमान ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान व आरे दुग्ध वसाहत येथील पाड्यांवर पहाटेचा गारवा दाट वस्तीपेक्षा अधिक जाणवतो. लहान मुलांना व पहाटे गोठ्यात जाणाऱ्या माणसांना त्याचा त्रास होतो. त्यावर अल्प खर्चाचा एक उपाय येथे दिला आहे.

कापडाची निवड : अंधेरी-साकीनाका भागात तयार कपड्यांचे अनेक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत उरलेले तुकडे व खपावाचून पडून राहिलेले तागे चिंधीच्या व्यापाऱ्यांकडे वजनावर मिळतात. त्यांतील फ्लीस हे जाड, लवदार कापड बंडीस योग्य होय. त्याच्या लवेत हवा अडकून राहते व तीच ऊब राखते. घेण्यापूर्वी एक धागा चिमट्यात धरून पेटवून पाहावा. लोकरीस जळक्या केसांचा वास येतो व राख चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी होते.

बेतणे : पाच-सहा वर्षांच्या मुलाची छाती ६० सेंटिमीटर धरल्यास बंडीचा घेर ७० ठेवावा. पाठीचा तुकडा ३८ × ४५ आणि पुढील दोन तुकडे प्रत्येकी २१ × ४५ सेंटिमीटर घ्यावेत. यांत शिवणीकरिता दीड व पुढील पाखे एकमेकांवर येण्यासाठी दोन सेंटिमीटर धरले आहेत. कापड ज्या दिशेस अधिक ताणते ती दिशा छातीभोवती यावी व लव सर्व तुकड्यांवर खाली वळलेली असावी. खुणा खडूने उलट बाजूस कराव्यात आणि एकेक थरच कापावा.

शिवणे : यंत्रास १६ नंबरची सुई लावावी, टाका ३ ते ४ मिलिमीटर ठेवावा व कापड दाबणाऱ्या पायाचा दाब कमी करावा. कापड हाताने ओढू नये. शिवण लाटेसारखी वाकडी होते. प्रथम खांदे व नंतर बाजू जोडाव्यात. याचे काठ उसवत नसल्याने ते दुमडण्याची गरज नाही. पुढे बटणांऐवजी बंद लावावेत. शिवणीवर इस्त्री फिरवू नये. ती बोटाने उघडून दोन्ही अंगांनी टीप मारावी.

सावधगिरी : पॉलिएस्टर पेटल्यास वितळून कातडीस चिकटते व भाजल्याची जखम खोल होते. म्हणून अशी बंडी घालून कोणीही चुलीपाशी वा शेकोटीपाशी बसू नये, आणि मुलांना तर मुळीच बसवू नये. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांनी ती काढून ठेवावी.

उरलेल्या तुकड्यांच्या कानटोप्या होतात. मोठे तुकडे जोडून लहान वासरासाठी झूल करता येते. मात्र ती भिजताच काढावी, कारण ओली झूल वासरास बाधते. महिला मंडळात एक बंडी समक्ष शिवून दाखवावी व शेकोटीविषयीची सूचना प्रत्येक घरी पोहोचवावी.